सहा पानी फॉर्म, तीन लाखांचं सर्टिफिकेट आणि आपली जिनिंग

वाचकाचं पत्र:

"यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडे आमची जिनिंग-प्रेसिंग आहे. बाबांनी सुरू केली, आता मोठे दादा आणि मी पाहतो. कापसातून सरकी वेगळी करणारी चोवीस डीआर (डबल रोलर) मशीन आहेत, हंगामात साडेआठ हजारांच्या आसपास गाठी निघतात. तामिळनाडूतल्या ज्या सूतगिरणीला आम्ही कित्येक वर्षांपासून रुई देतो, तिनं यंदा सहा पानी फॉर्म पाठवला. वीज किती जळते, पाणी किती लागतं, कचऱ्याचं काय करता, कापूस कोणत्या गावांतून येतो, कामगारांना मास्क देता का, असं सगळं त्यात विचारलं आहे. दादा म्हणतात, ही सारी शहरातली थेरं, यानं रुईचा भाव रुपयानं वाढत नाही. एक सल्लागार येऊन गेला, तो तीन लाखांत 'ग्रीन' सर्टिफिकेट काढून देतो म्हणतो. दुसरा छतावर सोलर बसवा म्हणून मागे लागला आहे. एमबीए करताना मी वाचलं होतं की पर्यावरण सांभाळणाऱ्या कंपन्या जास्त कमावतात. आमच्यासारख्या गावातल्या जिनिंगला हे लागू पडतं का? घरात रोज यावरूनच वाजतं."

भाऊ, नमस्कार.

दादांचं अर्धं खरं आहे आणि तुमच्या एमबीएच्या पुस्तकाचंही अर्धंच. तुमचं आधी घेते.

2015 साली जर्मनीतल्या संशोधकांनी या विषयावरचे सुमारे 2,200 अभ्यास एकत्र करून पाहिले. त्यातल्या जवळपास 90 टक्के अभ्यासांत पर्यावरण, समाज आणि कारभार नीट सांभाळल्यामुळे कंपनीचं आर्थिक नुकसान झालेलं दिसलं नाही, बऱ्याच ठिकाणी तर फायदाच दिसला. पुस्तकांतलं वाक्य बहुधा इथूनच आलेलं असतं. पण त्यात दोन मेखा आहेत. एक म्हणजे हे अभ्यास बहुतेक शेअर बाजारातल्या मोठ्या कंपन्यांचे, त्यात चोवीस डीआरवाला कोणी नाही. दुसरी मेख अशी की, आधी काय आलं? ज्याच्या गाठीला पैसा आहे तोच पाणी शुद्ध करायची यंत्रणा बांधतो आणि फाटकाजवळ झाडं लावतो. मग पाहणाऱ्याला वाटतं, झाडांमुळे पैसा आला.

मला जास्त पटलेला अभ्यास त्याच्या पुढच्या वर्षीचा, अमेरिकेतला आहे. त्यांनी कंपन्यांची पर्यावरण-समाजाची कामं दोन भागांत वेगळी केली: धंद्याला थेट भिडणारी आणि नुसती चांगली दिसणारी. थेट भिडणाऱ्या गोष्टी ज्यांनी सांभाळल्या, त्यांचे शेअर पुढे सरस ठरले. नुसत्या चांगल्या दिसणाऱ्या गोष्टींवर ज्यांचा भर होता, त्यांना तसा फायदा दिसला नाही. तुमच्या घरातल्या भांडणाचा निकाल मला यात दिसतो. दादा ज्याला थेरं म्हणतात त्यातली काही खरंच थेरं आहेत, आणि काही मात्र तुमच्याच ओट्यावर रोज पैसे गाळत आहेत.

फॉर्म का आला तेही दादांना सांगा. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं 2022-23 पासून बाजारमूल्यानं पहिल्या 1,000 नोंदणीकृत कंपन्यांना पर्यावरण आणि जबाबदारीचा वार्षिक अहवाल सक्तीचा केला. त्या कंपन्या आपल्या पुरवठादारांना विचारू लागल्या आहेत. कपडे निर्यात करणाऱ्यांना परदेशातले ब्रँड आधीपासून विचारतातच, ते सूतगिरणीला विचारतात आणि सूतगिरणी तुम्हाला. सरकारनं तुमच्यावर काही लादलेलं नाही, त्यामुळे फॉर्म भरला नाही म्हणून उद्या कोणी नोटीस पाठवणार नाही. फक्त मंदीत गिऱ्हाईक दोन जिनवाल्यांतून एकाला निवडायला बसलं की हा फॉर्म काढतं. मंदी तुम्ही पाहिलीच. ऑगस्ट 2025 मध्ये आयात कापसावरचं 11 टक्के शुल्क काढलं आणि ती सवलत डिसेंबरअखेरपर्यंत चालली, तेव्हा गिरण्यांना परदेशी रुईचा पर्याय आपसूकच मिळाला.

आता भिडणारं काय, ते पाहू. क्विंटलभर कापसात साधारण 34 किलो रुई निघते, 64-65 किलो सरकी, बाकी घट. म्हणजे 170 किलोच्या एका गाठीला पाच क्विंटल कापूस. तुमच्या साडेआठ हजार गाठींच्या सुमारे 4,060 खंड्या (खंडी म्हणजे साधारण 356 किलो) होतात. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा, कारण खंडीमागे शंभर रुपये इकडचे तिकडे झाले की हंगामात चार लाखांचा फरक पडतो. जिनिंगचा धंदा किती पातळ नफ्यावर चालतो ते मी तुम्हाला सांगायला नको.

रुईच्या भावात सगळ्यात मोठी कट्टी, म्हणजे कपात, कशानं लागते? प्लास्टिकनं. वेचणाऱ्या बाया ओटीतला कापूस खताच्या रिकाम्या चुंगड्यांत, म्हणजे प्लास्टिकच्या पोत्यांत, भरतात. ती चुंगडी जुनी झाली की तिचे धागे सुटतात, कापसात मिसळतात आणि डीआरच्या रोलरमधून बारीक होऊन रुईत जातात. वर नायलॉनची सुतळी, गुटख्याच्या पुड्या, रंगीत लुगड्याची चिंधी, केस. कापसाला रंग चढतो, त्या प्लास्टिकच्या धाग्याला चढत नाही. मग रंगवलेल्या कापडावर पांढरी रेघ उमटते, अख्खा तागाच बाद होतो आणि गिरणी सगळा राग पुढच्या लॉटच्या भावात काढते. तामिळनाडूच्या गिरण्या हे धागे काढायला माणसं आणि कॅमेऱ्याची यंत्रं लावतात. तो खर्च त्या कोणाच्या बिलातून वळता करतात असं दादांना वाटतं?

म्हणून माझा पहिला खर्च सुती चादरींचा. तुमच्याकडे दरवर्षी न चुकता कापूस घालणारे दोनशे शेतकरी निवडा. प्रत्येकाला पाच चादरी, चादर दीडशे रुपयांची धरली तर दीड लाख झाले, म्हणजे सल्लागाराच्या फीच्या निम्मे. चादरीत बांधून आलेला कापूस वेगळ्या गंजीवर उतरवा, वेगळा जिन करा, गाठींवर वेगळी खूण टाका. खेडा खरेदीवाल्याचा माल त्यात मिसळू देऊ नका, नाहीतर चादरी गेल्या वाया. ओट्यावर निवडायला चार बाया जास्त लावा. यात मी प्रदूषण, पृथ्वी वगैरे काही बोलले नाही, पण वावरातलं आणि रुईतलं प्लास्टिक एकाच कामात कमी होतं. खंडीमागे 300 रुपयांची कट्टी वाचली तर बारा लाख होतात. वाचेल की नाही हे मी इथे बसून सांगू शकत नाही, तुमच्या गिरणीचा माणूस सांगेल. त्याच्याकडे शेवटी येते.

दुसरी गोष्ट रोलरची. तुमचे रोलर कोणते, ते पत्रात नाही. क्रोम लावून कमावलेल्या चामड्याच्या चकत्यांचे असतील, तर ते झिजतात तेव्हा क्रोमियम असलेली भुकटी उडते. खाचा पाडताना तर ढगच उठतो. ती भुकटी रुईत जाते आणि खाचा पाडणाऱ्या माणसाच्या छातीतही. लहान मुलांचे कपडे किंवा दवाखान्याचा कापूस बनवणाऱ्यांना ही रुई नको असते. मुंबईच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेनं, म्हणजे सिरकॉटनं, यावर रबर आणि सुती कापडाचे क्रोममुक्त रोलर तयार केले आहेत. त्यांचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र तुमच्यापासून काही तासांवर नागपूरलाच आहे. चोवीसच्या चोवीस मशीन बदलायला जाऊ नका. दोन मशीनवर लावा, एक हंगाम चालवा, रोलर किती दिवस टिकला आणि तासाला रुई किती पडली ते लिहून ठेवा. मग ठरवा. फिटरला आधी विश्वासात घ्या, नाहीतर तो पहिल्याच आठवड्यात "हे चालत नाही" म्हणून जुने बसवून मोकळा होईल.

विजेबद्दल थोडक्यात. गाठीमागे किती युनिट जळतात हा आकडा तुमच्याकडे आहे का? बहुतेक जिनवाल्यांकडे महिन्याचं बिल असतं, हा आकडा नसतो. महिन्याची युनिटं भागिले महिन्याच्या गाठी, एवढाच हिशेब आहे. हवेनं कापूस ओढणारे पंखे कापूस वाहून नेणाऱ्या पट्ट्यापेक्षा खूप जास्त वीज खातात, आणि पाइपाला भोक असेल तर आणखी. चार वेळा रिवाइंड केलेली मोटर, गंजी संपल्यावर रिकामी चालणारी मशीन, कपॅसिटर बिघडून घसरलेला पॉवर फॅक्टर, हे सगळं त्या एका आकड्यात उतरतं. गाठीमागे पाच युनिट वाचली आणि युनिटला दहा रुपये धरले, तर हंगामाला सव्वाचार लाख. यातलं बरंचसं काम वेल्डर आणि इलेक्ट्रिशियनच करून देतात.

तारापूर-उंबरगावकडच्या कापड कारखान्यांवरचा एक अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध झाला होता. तिथे कोणी नवी मशीन बसवली नव्हती. यंत्र का बंद पडलं याची नोंद, मालाचा हिशेब, दोष लिहून ठेवणं, भंगार उचलणं, इतकंच. पहिल्याच वर्षी उत्पादकता 17 टक्क्यांनी वाढली. तो अभ्यास पर्यावरणाचा नव्हता, व्यवस्थापनाचा होता, हे मान्य. पण जिनिंगमध्ये या दोन गोष्टी वेगळ्या काढून दाखवाल तर मी तुम्हाला मानेन.

सोलर. इथे विक्रेत्याचं गणित तपासून घ्या. तो वर्षभराचं उत्पादन दाखवतो, पण तुमची जिनिंग चालते दिवाळीपासून होळीपर्यंत. तुमच्या बाजूची एक गोष्ट अशी की, नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे छतावरची वीज वापरलेल्या विजेतून वजा करायच्या पद्धतीत, जादा युनिटं त्याच आर्थिक वर्षात पुढच्या महिन्यांत वळती होतात. म्हणजे एप्रिल ते ऑक्टोबर या रिकाम्या महिन्यांतली वीज हंगामात कामी येऊ शकते. मात्र 31 मार्चला जी उरेल तिला मिळणारा दर तुमच्या वापराच्या दरापेक्षा बराच कमी असतो. आणि वेळेनुसार दर असलेलं मीटर असेल तर दुपारचं युनिट रात्रपाळीच्या युनिटाला सरसकट वळतं होत नाही. तुम्ही रात्री किती चालवता? मागच्या बारा महिन्यांची बिलं घेऊन महावितरणच्या कार्यालयात बसा आणि त्याच आकड्यांवर विक्रेत्याकडून कोटेशन मागा. जिनिंगच्या छतावर रुईचा भुरका बसतो, पॅनल धुवावे लागतात, त्याचं पाणी आणि मजुरीही धरा. मी असते तर पाइपांची भोकं बुजवल्यावर पुढच्या वर्षी सोलर बसवलं असतं, कारण लागणारी वीज कमी झाली की पॅनलही कमी लागतात.

कचरा, म्हणजे पत्ती-काडी. बरेच जण तो फाटकाबाहेर पेटवतात आणि मग गावाशी भांडण होतं. विदर्भाच्या उन्हात जिनिंगच्या आवारात आग पेटती ठेवणं म्हणजे काय, हे ज्यांच्या गंज्या जळाल्या त्यांना विचारा. विमेवालाही पाहणीला आला की तेच पाहतो. कोळशाच्या वीजकेंद्रांना 2024-25 पासून किमान 5 टक्के जैवइंधन मिसळायचा नियम झाला, त्यामुळे पऱ्हाटी (कापसाची वाळकी झाडं) आणि काडी-कचरा घेऊन ब्रिकेट, म्हणजे जळणाच्या विटा, बनवणारे आता फिरू लागले आहेत. त्यांना विका, किंवा शेणात कालवून खत करून कापूस घालणाऱ्यांनाच परत द्या. स्वतः ब्रिकेटची मशीन घेऊ नका. तुमच्या एकट्याच्या कचऱ्यावर ती चालणार नाही.

मास्कचा प्रश्न फॉर्ममध्ये आहे, त्याला हसू नका. रुईच्या धुळीनं फुप्फुसाचा आजार होतो आणि तो वर्षानुवर्षं साचत जातो. नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये, 1877 ला सुरू झालेल्या, जमशेटजी टाटांनी हवा दमट ठेवणारी यंत्रं आणि आगीसाठी पाण्याचे फवारे बसवले होते. कोरड्या हवेत सूत तुटतं आणि गिरणी जळते, हे त्या माणसाला नीट कळत होतं. तेव्हा ही थेरं शहरातली असलीच तर आपल्याच शहरातली आहेत आणि बरीच जुनी आहेत. जाता जाता एक: दमट ठेवणं वेगळं आणि वजनासाठी रुईवर बादलीनं पाणी मारणं वेगळं. तुम्ही तसं करता असं मी म्हणत नाही. पण करणाऱ्यांची गाठ गिरणीत उघडली की आतून पिवळी निघते, आणि मग फॉर्ममध्ये पाण्याच्या रकान्यात काय लिहिलंय ते कोणी वाचत नाही.

आता ते तीन लाखांचं सर्टिफिकेट. सल्लागाराला विचारा, कोणत्या मानकाचं, कोणती संस्था देणार, तपासणीला कोण येणार आणि तुमचं गिऱ्हाईक ते मानतं का. सल्ला देणारा आणि सर्टिफिकेट देणारा एकच असेल तर चहा पाजून पाठवा. ऑक्टोबर 2020 मध्ये जागतिक सेंद्रिय वस्त्र मानक, म्हणजे गॉट्स, चालवणाऱ्या संस्थेनं भारतातल्या 11 कंपन्यांवर बंदी घातली. बनावट व्यवहार प्रमाणपत्रांवर साधा कापूस सेंद्रिय म्हणून पुढे गेला होता, अंदाज 20,000 टनांचा. त्याचा चटका खऱ्या सेंद्रिय शेतकऱ्यांनाही बसला, कारण त्यानंतर सगळ्यांकडेच संशयानं पाहिलं गेलं. बेटर कॉटन हे कापसाचं जागतिक मानक खरं आहे, पण त्यात तुम्हाला जास्त भावाची हमी नाही. त्यातून फक्त गिऱ्हाइकाच्या यादीत जागा मिळते. 'कस्तुरी कॉटन भारत' हा वस्त्रोद्योग मंत्रालयाचा उपक्रम 2022 चा, त्यात गाठीला क्यूआर कोड लागतो आणि रुई कुठली ते मागे शोधता येतं. चादरीचा कापूस वेगळा ठेवायची सवय लागली की ही दारं आपोआप सोपी होतात. त्याआधी पैसे भरून उपयोग नाही. कागद हवाच असेल तर एमएसएमई मंत्रालयाची झेड (शून्य दोष, शून्य प्रदूषण) योजना पाहा. कांस्य पातळीची फी 10,000 रुपये आहे आणि लघु उद्योगाला त्यात 60 टक्के सवलत मिळते. उद्यम नोंदणी तुमची असेलच.

एका गोष्टीवर मात्र मी तुम्हाला फायद्याचं गणित दाखवू शकत नाही, आणि तीच मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक न उपटता आणखी वेचणीसाठी उभं ठेवणं.

2017 चा हंगाम तुमच्या जिल्ह्याला सांगायला नको. फवारणीत माणसं दगावली ती याच जिल्ह्यात, आणि त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं बोंडं आतून पोखरली. अळीला मारणाऱ्या बीटी वाणाला ती आता दाद देत नाही. पीक डिसेंबर-जानेवारीत उपटून पऱ्हाटी वावराबाहेर काढली तर तिची साखळी तुटते. फरदड ठेवली तर तिला वर्षभर खायला मिळतं. शेतकरी फरदड का ठेवतो? कारण मार्च-एप्रिलमध्ये तो कापूस कोणीतरी विकत घेतं. घेतो जिनवाला. शिवाय कवडी (किडका कापूस) आणि सरकीचे ढीग उन्हाळाभर जिनिंगच्या आवारात पडून असतात, त्यातून निघालेले पतंग पावसाळ्यात शेजारच्या वावरात जातात. म्हणून तर जिनिंगमध्ये कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) लावा असं कृषी खातं सांगतं. सापळे लावा, स्वस्त आहेत. सरकी लवकर तेल गिरणीला घाला आणि मे संपायच्या आत आवार झाडून घ्या.

पण फरदडीची खरेदी तुम्ही एकट्यानं थांबवलीत तर ती गाडी शेजारच्या जिनिंगमध्ये जाईल. तोटा तुमचा होईल आणि अळी तशीच राहील. पर्यावरण सांभाळलं की नफा होतोच असं सांगणारे लोक नेमके इथे गप्प बसतात. हे काम एका जिनिंगचं नाही. तालुक्यातल्या सगळ्या जिनवाल्यांनी एका तारखेनंतर फरदड घ्यायची नाही असं ठरवलं, बाजार समितीनं ते पाळायला लावलं आणि कृषी अधिकारी मध्ये बसला, तरच होईल. हिशेब पाच वर्षांचा आहे. कवडी कमी झाली की रुईचा रंग सुधारतो आणि शेतकऱ्याचं फवारणीचं बिल उतरतं. तो कापूस सोडून सोयाबीनकडे वळला तर तुमच्या चोवीस मशीनना काय घालणार? दादांचा शब्द जिनवाल्यांच्या बैठकीत चालत असेल तर तिथे तो खर्च करायला सांगा. सर्टिफिकेटपेक्षा हे अवघड आहे, म्हणूनच ते कोणी विकायला येत नाही.

राहिला फॉर्म. तो भरा, पण खोटा भरू नका. गाठीमागची युनिटं मागच्या हंगामाच्या बिलांवरून काढता येतील. कापसाची गावं तुमच्या पावत्यांवर आहेत. जे मोजत नाही तिथे "सध्या मोजत नाही, या हंगामापासून मोजू" असं लिहा. गिरणीला त्यात काही गैर वाटत नाही. सगळ्या रकान्यांत "होय" लिहिलेला फॉर्म मात्र तिथला माणूस एका नजरेत ओळखतो.

आणि तो पाठवण्याआधी गिरणीच्या खरेदीवाल्याला फोन लावा. मागच्या हंगामात आपल्या कोणकोणत्या लॉटमध्ये प्लास्टिक निघालं आणि त्यासाठी खंडीमागे किती कापले, एवढंच विचारा. फोन स्पीकरवर ठेवा, आणि दादा गादीवर असतानाच लावा.